आषाढात काढलेला मेकअपचा पसारा

लग्नाचा मेकअप करणाऱ्यांना आषाढी एकादशी झाली की मोकळीक मिळते. काढीव मुहूर्ताची एखादी ऑर्डर सोडली तर तुळशीच्या लग्नापर्यंत फारसं काम नसतं. मी डोंबिवलीत राहते, वन बीएचकेमध्ये; नवरा, मुलगी, सासूबाई आणि मी. माझं सामान ड्रेसिंग टेबलावर, त्याखालच्या खणात, कपाटावरच्या दोन बॅगांत आणि (हे सासूबाईंनी शोधून काढलं) बेडच्या स्टोरेजमध्ये चादरींच्या घड्यांत होतं. लिपस्टिकच शंभराच्या वर. त्यातल्या निम्म्या मला आठवतही नव्हत्या. गेल्या पावसाळ्यात हे सगळं एकदाचं लावायला घेतलं.

आधी मोबाइलवर बघून घेतलं की लोक कसं लावतात. बहुतेक ठिकाणी एकच थाट: पारदर्शक अॅक्रिलिकचे खण, रंगांप्रमाणे ओळीत लिपस्टिक, मागे मोठ्ठा आरसा आणि खिडकीतून येणारं ऊन. फोटोला फार छान. पण ऊन आणि दमट हवा या दोन्ही गोष्टी मेकअपच्या वाईटावर असतात, आणि आमच्याकडे दोन्ही भरपूर. आमचं ड्रेसिंग टेबल पश्चिमेच्या खिडकीपाशी होतं. मे महिन्यात दुपारभर ऊन खाल्लेल्या लिपस्टिकवर तेलाचे थेंब आलेले मी पाहिलेत. लिपस्टिकमधलं मेण वितळायला बरीच उष्णता लागते, नुसतं मधमाशीचं मेणच साठ अंशांच्या पुढे वितळतं, पण त्यात धरून ठेवलेलं तेल त्याच्या कितीतरी आधी बाहेर येऊ लागतं. असे थेंब टिश्यूने टिपून घेतले आणि वास ठीक असला तर लिपस्टिक वापरता येते. जुन्या तेलासारखा खवट वास आला की टाकायची, मग ती कितीही महागाची असो.

म्हणून रंग, ब्रँड, प्रकार असली कुठलीच विभागणी मी आधी केली नाही. हॉलमध्ये जुनी चादर अंथरली, सगळं त्यावर ओतलं आणि एकच प्रश्न विचारत गेले: यात पाणी आहे का? फाउंडेशन, बहुतेक मस्कारा, लिक्विड लायनर, प्रायमर (मेकअपच्या आधी लावतात तो थर), सेटिंग स्प्रे (मेकअप टिकावा म्हणून वरून मारतात तो) हे पाण्याचं. यात जंतू वाढू शकतात, प्रिझर्व्हेटिव्ह असतं पण ते जन्मभर पुरत नाही. दुसरा ढीग तेला-मेणाचा: लिपस्टिक, पॅनस्टिक (कांडीतलं घट्ट फाउंडेशन), क्रीम ब्लश, काजळ पेन्सिली. हे सहसा सडत नाही, खवट होतं. तिसरा कोरड्या पावडरींचा. कोरड्या राहिल्या तर वर्षानुवर्षं टिकतात. चौथा नेलपेंट, रिमूव्हर, स्पिरिट, मिशा चिकटवायचा स्पिरिट गम (शाळांच्या स्नेहसंमेलनांची कामंही मी घेते), म्हणजे जे पेट घेऊ शकतं ते.

एवढं केल्यावर निम्मं काम झालं असं म्हणायला हरकत नाही, कारण कशाला किती जपायचं ते ढीग बघूनच कळत होतं.

मग तारखा. डबीवर झाकण उघडलेल्या बरणीचं छोटं चित्र असतं आणि त्यात ६ एम, १२ एम, २४ एम असं लिहिलेलं असतं. उघडल्यापासून तितके महिने. पण उघडलं कधी हे कुणाला आठवतंय? कंपनीने छापलेली ‘यूज बिफोर’ची तारीख पुष्कळदा खोक्यावर असते, आणि खोकं आपण पहिल्याच दिवशी फेकतो. आता मी खोकं फेकायच्या आधी तारीख मार्करने तळाला लिहिते, खाली उघडल्याचा महिना-वर्ष, आणि त्यावर पारदर्शक सेलोटेप लावते. टेप लागतेच, कारण फाउंडेशनच्या तेलाने मार्कर दोन कामांत पुसून जातो.

मस्काराच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही. उघडल्यापासून तीन महिने, फार तर चार, की बाहेर. ब्रश आत-बाहेर केला की दर वेळी हवा आत जाते, आणि हा ब्रश डोळ्याच्या कडेला लागतो. नवरीसाठी तर एकदा वापरून टाकायच्या ब्रशच्या कांड्याच. कोरडा पडलेला मस्कारा पाण्याचे थेंब घालून पातळ करणाऱ्या मैत्रिणी मला आहेत. त्यांच्याकडून मी मेकअप करून घेणार नाही.

टाकायचा ढीग बराच मोठा झाला. नणंद आली होती, ती म्हणाली, “वहिनी, एवढं टाकतेस कशाला? मावशींना दे ना, त्यांच्या मुली वापरतील.” आमच्या घरकामाच्या मावशींना मी न उघडलेल्या, तारखेतल्या लिपस्टिक आणि कॉम्पॅक्ट जरूर दिले. पण जे मी नवरीच्या डोळ्याला लावणार नाही ते त्यांच्या मुलीच्या डोळ्याला लागावं, हे मला पटत नाही. नणंदेला ते थोडं लागलं. जुन्या आयशॅडो मात्र मुलीने मागून घेतल्या. कागदावर बोटाने घासून तिने सूर्यास्त रंगवले, आणि चमकीच्या रंगांचे ढगसुद्धा.

आता ठेवायचं कुठे. बाथरूममधला कपाटी आरसा बाद, कारण गीझरची वाफ. बाहेरच्या भिंतीला लागलेलं कपाट बाद, कारण पावसाळ्यात त्या भिंतीला ओल येते. फ्रिजबद्दल सगळे विचारतात, हल्ली मेकअपचे छोटे फ्रिजही मिळतात. आमच्या हवेत थंड डबी बाहेर काढली की मिनिटाभरात तिच्यावर पाणी धरतं, आणि झाकण उघडलं तर तेच आत जातं. फ्रीझरचा मला एकच उपयोग: मऊ काजळ पेन्सिल पाच-दहा मिनिटं ठेवली की टोक न मोडता शार्प होते.

शेवटी बेडरूम आणि हॉलच्या मधली आतली भिंत ठरली. तिथे ऊन नाही, ओल नाही. तुर्भ्याच्या आयकियात, म्हणजे फर्निचरच्या मोठ्या दुकानात, जाऊन उथळ ड्रॉवरचं युनिट बघून आले, मेकअपवाल्यांत ते फार प्रिय आहे. कल्पना आवडली, पण आमच्या भिंतीच्या मापात ते बसत नव्हतं. मग ओळखीच्या सुतारदादांना मरीन प्लायमध्ये करायला सांगितलं. मी म्हटलं वरचे ड्रॉवर आतून अडीच इंच खोल हवेत, मधले साडेतीन आणि तळचे सहा. ते हसले. “ताई, अडीच इंचांत काय ठेवणार? कागद?” त्यांना सगळे सहा-सहाचे करायचे होते, ड्रॉवर कमी झाले असते आणि ते सरकायच्या पट्ट्या, म्हणजे चॅनेल, कमी लागले असते. पण खोल ड्रॉवरमध्ये एकावर एक रचलं जातं, आणि जे खाली गेलं ते दिसत नाही, दिसत नाही म्हणून वापरलं जात नाही, आणि मग आपण तसलंच दुसरं आणतो. माझ्याकडे काळ्या लायनरच्या नऊ बाटल्या निघाल्या त्या अशाच. उथळ ड्रॉवरमध्ये एकच थर मावतो. पॅलेट आणि कॉम्पॅक्ट अडीचमध्ये आडवे, लिपस्टिक साडेतीनमध्ये उभ्या, फाउंडेशनच्या बाटल्या सहामध्ये. टेलिस्कोपिक चॅनेल लावून घेतले, ड्रॉवर शेवटपर्यंत बाहेर येतो. आतून पांढरा सनमायका, म्हणजे सांडलेली पावडर दिसते आणि ओल्या फडक्याने निघते. नव्या प्लायचा आणि गोंदाचा वास जाईपर्यंत ड्रॉवर उघडे टाकून पंखा सुरू ठेवला, कारण पावडरीला वास लागला की तो जात नाही.

आतल्या विभागण्यांसाठी मिठाईचे खोके सुचवणारे पुष्कळ. आमच्याकडे पुठ्ठा दमट होतो आणि त्याला बुरशी येते. मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी आणतो तो सनबोर्ड (हलका, फोमसारखा प्लास्टिकचा बोर्ड) आणला, कटरने पट्ट्या कापल्या, एकमेकींत खाचा करून अडकवल्या. गोंदही लागला नाही, हवं तेव्हा माप बदलता येतं. अॅक्रिलिकचे एक-दोन डबे होते तेही वापरले, पण एक सांगते: ते स्पिरिटने किंवा सॅनिटायझरने पुसू नका, बारीक तडे जातात. आणि नेलपेंट रिमूव्हर तर त्यांच्या आसपासही नको, त्यातला अॅसिटोन अॅक्रिलिक चक्क विरघळवतो. साबणाचं पाणी पुरे.

आयशॅडोंनी सर्वांत जास्त जागा वाचवली. एकेका रंगाची डबी केवढी आणि आतली पावडरीची तबकडी केवढी! गरम इस्त्रीवर बटर पेपर टाकून डबीचा तळ क्षणभर टेकवला की गोंद सैल होतो आणि तबकडी सुरीच्या टोकाने उचलता येते. खिडक्या उघड्या ठेवायच्या, वास येतो. या तबकड्या रिकाम्या चुंबकाच्या पॅलेटमध्ये बसवल्या. पत्र्याच्या असतील तर चिकटतात, अॅल्युमिनियमच्या नाही; फ्रिजवरचं मॅग्नेट लावून आधी बघावं. न चिकटणाऱ्यांच्या खाली पत्र्याचा पातळ गोल तुकडा लावला. शेडचं नाव तळाला लिहायला विसरू नये, कारण पॅलेटमध्ये सगळे तपकिरी सारखेच दिसतात. फुटलेल्या पावडरी मी टाकत नाही: बारीक चूर्ण, त्यात थेंब थेंब आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि सुती कापडात गुंडाळलेल्या दहाच्या नाण्याने दाबायचं. रात्रभर उघडी ठेवली की घट्ट बसते. हे काम गॅसपासून लांब.

लिपस्टिकचंही नवरीच्या कामासाठी असंच केलं. आठवड्याच्या गोळ्या ठेवायचा खणांचा डबा मेडिकलमध्ये मिळतो, त्यात एकेका लिपस्टिकचा अर्धा भाग कापून भरला, हेअर ड्रायरने जरा मऊ करून सपाट केला. लिक्विड मॅट लिपस्टिक यात चालत नाहीत, त्यांतला पातळ भाग हवेत उडून जातो आणि उरतो तो कोरडा लगदा. त्या बाटलीतच, झाकण घट्ट. उरलेल्या कांड्या ड्रॉवरमध्ये उलट्या उभ्या केल्या आणि तळाला त्याच लिपस्टिकचा ठिपका असलेला स्टिकर लावला. रंग दिसतो, दर वेळी उघडायला नको.

फाउंडेशन, प्रायमर वगैरे पाण्याच्या ड्रॉवरमध्ये वाणसामानासारखं जुनं पुढे, नवं मागे. तिथे रोजचं लक्ष लागतं. पावडरींच्या ड्रॉवरमध्ये पावसाळ्यापुरत्या सिलिका जेलच्या पुड्या टाकते. केशरी दाणे आणले, ओल प्यायले की हिरवे होतात. चपलांच्या खोक्यात निघालेल्या पुड्या वापरू नका, त्या आधीच भरलेल्या असतात. नेलपेंट आणि स्पिरिट गम स्टीलच्या डब्यात, उभे, स्वयंपाकघरापासून आणि देवघरातल्या समईपासून दूर. घट्ट झालेल्या नेलपेंटमध्ये रिमूव्हर घालू नये, थिनर वेगळा मिळतो.

ब्रशचं थोडक्यात. सौम्य शाम्पूने धुतात सगळेच, पण धुऊन मगमध्ये उभे करून ठेवतात. पाणी दांड्याकडे उतरतं, गोंद सुटतो, केस गळतात. टॉवेलवर आडवे, ब्रशचं तोंड टेबलाच्या कडेबाहेर. स्पंज पूर्ण वाळल्याशिवाय डब्यात नाही. त्याच्या पोटातली काळी बुरशी चिरल्याशिवाय दिसत नाही.

या सगळ्यात सासूबाई एकदा कपाटातून त्यांच्या आईची फणेरपेटी घेऊन आल्या. लाकडी, झाकणाच्या आत आरसा, छोटे छोटे कप्पे, एकात मेणाची डबी. आधी कपाळाला मेण लावायचं आणि त्यावर कुंकू, म्हणजे ते पसरत नाही, हे त्यांनी करून दाखवलं. मी तिकडे प्रायमर नावाखाली तेच विकत घेत होते! पेटी त्यांनी मला दिली. तिच्यात आता टिकल्या, चंद्रकोरी आणि नथी आहेत. त्यांना ऊन-ओल फारशी बाधत नाही.

लग्नाला न्यायची ट्रॉली बॅग मी या कपाटापासून पूर्ण वेगळी ठेवली. ती कायम भरलेली असते. काम करून आले की ब्रश धुवायला, आणि जे संपलं ते ड्रॉवरमधून भरून वहीत टीप. वही साधी, दोनशे पानी: नाव, शेड, उघडल्याचा महिना, शिल्लक. मोबाइलवर तक्ता करून पाहिला, पण क्रीम लागलेल्या बोटांनी तो भरला जात नाही. दादरला किंवा क्रॉफर्ड मार्केटला जायच्या आधी वहीचं पान बघते. नवऱ्याच्या मते या वहीने माझ्यापेक्षा त्याचे पैसे जास्त वाचवले.

गंगावनं आणि तयार खोपे अजून कपाटावर बॅगेतच आहेत, जाळीच्या पिशवीत. त्यांना मोकळी हवा लागते आणि मावतात कुठे!

ग्लिटर मात्र मला जमलेलं नाही. डबी झिपच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, ती स्टीलच्या डब्यात, आणि डबा सर्वांत खालच्या ड्रॉवरमध्ये. तरीही परवा नवरा ऑफिसला गेला तो कॉलरवर सोनेरी चमक घेऊन, आणि मीटिंगमध्ये कुणीतरी विचारलं म्हणे, घरी कार्य होतं का.