लॉगची वही: श्रावणातली नोंद, कोसंबींच्या सूत्रापर्यंत

या नोंदीत लॉग म्हणजे सगळीकडे नैसर्गिक, ई पायाचा.

समीकरणांचा भाग आटोपला. लॉग क्ष + लॉग (क्ष − ३) = लॉग १० यासारखी गणितं आता हातासरशी सुटतात: ५ घ्यायचा, −२ टाकून द्यायचा, कारण ऋण संख्येचा लॉग इथे चालत नाही. (लॉग क्ष)/क्ष चं महत्तम मूल्य क्ष = ई ला येतं, त्यावरून ई चा पाय (π) घात हा पाय च्या ई घातापेक्षा मोठा ठरतो, हेही झालं. छान आहे, पण सगळीकडे भेटतं, म्हणून जास्त लिहीत नाही.

या महिन्याचा खरा ऐवज वेगळाच निघाला. पणजीत पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत शनिवारी आम्ही काही जण वह्या घेऊन बसतो. त्यात जीवशास्त्राच्या एक निवृत्त बाई आहेत. त्यांनी कागदावर एक सूत्र लिहून माझ्यापुढे सरकवलं:

अ = १/४ × लॉग [(१ + २र) / (१ − २र)]

"आयुष्यभर पोरांना शिकवलं. हा पाव कुठून आला, ते सांग बघू."

हे सूत्र गणितज्ञ आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबींचं, १९४४ सालचं. गोव्यातल्या कोसबेनला १९०७ मध्ये जन्मलेला आपला माणूस. पणजीत त्यांच्या नावाने विचार महोत्सव भरतो, तिथे बोलणं होतं ते बहुतेक इतिहासावर. पण भातासारख्या पिकांचे जनुक-नकाशे काढताना जगभर हे सूत्र वापरतात, आणि ते बारावीच्या संकलनात (इंटिग्रेशनमध्ये) बसतं! याचा गवगवा आपल्याकडे का नाही, कोण जाणे.

भानगड अशी. एकाच गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधलं अंतर अ. पुढच्या पिढीत त्यांची ताटातूट झालेली दिसते ते प्रमाण र. मधे एकदा जोडीतल्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली तर ताटातूट दिसते, दोनदा झाली तर जोडी पुन्हा एकत्र येते आणि मोजणीत काहीच सापडत नाही. म्हणून र हा अ पेक्षा कमी भरतो आणि १/२ च्या वर जात नाही.

जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेननी १९१९ मध्ये धरलं, की अदलाबदली एकमेकींपासून स्वतंत्र असतात. मग अ वाढताना र वाढण्याचा दर १ − २र. पण प्रत्यक्षात एक अदलाबदल झाली की शेजारी दुसरी सहसा होत नाही. कोसंबींनी त्या वजा होणाऱ्या पदाला आणखी २र ने गुणलं: अंतर लहान असताना अडथळा जवळजवळ पूर्ण, र १/२ ला पोचला की अडथळा शून्य. दर झाला १ − ४र².

आता अ काढायचा तर १/(१ − ४र²) चं संकलन. छेदाचे अवयव (१ − २र)(१ + २र). आंशिक अपूर्णांक केले की दोन्ही तुकड्यांवर १/२ येतो, आणि २र च्या २ मुळे संकलनात आणखी एक १/२. हाच तो पाव. बाईंनी चष्मा वर करून दोन्ही ओळी पुन्हा वाचल्या आणि "एवढंच?" म्हणाल्या.

आकडे घालून पाहिले. २, ३, ५, ७ चे लॉग पाठ आहेत (०.६९३१, १.०९८६, १.६०९४, १.९४५९), त्यामुळे कॅल्क्युलेटर लागत नाही. र = ०.२ घेतलं तर कंसात ७/३ येतो. लॉग ७ वजा लॉग ३ = ०.८४७३, त्याचा पाव ०.२११८. शंभराने गुणलं की २१.२ सेंटिमॉर्गन, हे जनुकांमधलं अंतर मोजायचं एकक. हाल्डेनचं सूत्र −१/२ × लॉग (१ − २र). तिथे लॉग ०.६ म्हणजे लॉग ३ वजा लॉग ५, उत्तर २५.५.

हा फरक डोक्यातून जाईना, म्हणून दोन्हींच्या श्रेणी मांडल्या. हाल्डेन: र + र² + ४र³/३ + २र⁴ + … कोसंबी: र + ४र³/३ + … सम घात सगळे गायब! कोसंबींचं सूत्र म्हणजे हाल्डेनच्या सूत्राचा विषम भाग, तंतोतंत. उरलेला सम भाग −१/४ × लॉग (१ − ४र²), र = ०.२ ला ०.०४३६, आणि दोन उत्तरांतला फरकही तेवढाच. कुठे वाचलं असतं तर "बरं" म्हणून पान उलटलं असतं, पण वहीत स्वतः सापडल्यावर बसमध्येसुद्धा तेच घोळत होतं.

आता चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आहे, माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या फळा-पानांच्या छताचं) सामान आणि पाहुणे यांत वही उघडायची नाही. तोवर तुमच्यासाठी एक: कार्टर आणि फाल्कनर या जनुकशास्त्रज्ञांनी १९५१ मध्ये दर १ − १६र⁴ धरला. संकलन करा. लॉगच्या जोडीला यात टॅन इन्व्हर्सही येतो, आणि र = ०.२ ला २०.१ सेंटिमॉर्गन यायला हवेत.