एकट्याच्या हिमतीवर

दादाने स्मरणिकेचा मजकूर पाठवलाय. माझंही एक पान हवंय म्हणाला. पण पहिल्याच ओळीत ‘बाबांनी एकट्याच्या हिमतीवर उभी केलेली शाळा’ असं आहे, आणि ते वाचल्यापासून कशातच लक्ष लागत नाही.

एकट्याच्या?

इथे अमेरिकेत, इलिनॉयमधल्या पिओरियात आल्यापासून जुबिली कॉलेजच्या जुन्या दगडी इमारतीकडे किती वेळा तरी जाणं झालं. ते काढणारे बिशप फिलँडर चेस तिथल्याच दफनभूमीत आहेत. आज पुन्हा त्यांच्याबद्दल वाचत बसले. 1817 साली ते ओहायोत आले, तेव्हा लोक तिथे जंगल तोडून शेतं करत होते. पुढच्याच वर्षी पहिली बायको मेरी क्षयाने गेली. ते बिशप झाले, पण पोट शेतीवरच. तिथल्या तिथे पाद्री तयार व्हावेत म्हणून शाळा काढायची, तर पैसा कुठून आणायचा? 1823 मध्ये ते इंग्लंडला मागायला गेले. न्यूयॉर्कच्या बिशप होबार्टनी कडाडून विरोध केला. तरी लॉर्ड केन्यन, लॉर्ड गॅम्बियर यांच्यासारख्यांनी हात दिला आणि सुमारे तीस हजार डॉलर उभे राहिले. त्यातून उभ्या राहिलेल्या केन्यन कॉलेजचं स्थापनावर्ष 1824.

त्याच वर्षी मार्चमध्ये त्यांचा मुलगा चार्ल्स्टनला वारला. बाप समुद्रापलीकडे देणग्या गोळा करत होता.

तिथून पुढे माझ्याने वाचवेना. मला टायफॉइड झाला तेव्हा बाबा मुंबईत देणगीदारांचे जिने चढत होते. मी वाचले, म्हणून ती गोष्ट घरी कौतुकाने सांगतात. मला ती कधीच कौतुकाने ऐकता आली नाही. असो.

केन्यनचे पहिले विद्यार्थी वर्दिंग्टनला चेस यांच्या शेतावरच राहायचे. राहायचे म्हणजे कुणीतरी त्यांना रोज रांधून घालत होतं. दुसरी बायको सोफिया घरात होतीच. आपल्याकडे वाड्यांवरची पोरं ओसरीवर झोपायची आणि आई पहाटे चुलीपुढे भाकऱ्या थापत बसायची. पीठ संपत आलं की आधी आम्हाला अर्धी, पोरांना पूर्ण. अनुदान लांबलं, शिक्षकांचे पगार थकले, तेव्हा तिच्या पाटल्या गेल्या. मामाच्या लग्नात ती सारखा पदर मनगटावर ओढत होती. ते मी पाहिलंय. दादा तेव्हा लहान होता.

एकट्याच्या हिमतीवर म्हणे.

केन्यनमध्ये प्राध्यापकांशी बिनसलं. चेस 1831 मध्ये कॉलेजही सोडून बाहेर पडले आणि बिशपपदही. मग मिशिगन, मग इलिनॉय. इथल्या पहिल्या घराला त्यांनी रॉबिनचं घरटं म्हटलं, माती-काटक्यांचं आणि पिलांनी भरलेलं म्हणून. 1839 मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, जुबिलीची कोनशिला बसवली. पुन्हा देणग्या, पुन्हा वणवण. आणि पुन्हा सोफिया बरोबर. संध्याकाळपर्यंत मला तिची फक्त कीव येत होती. मग आईला एकदा विचारलेलं आठवलं: पाटल्या देताना बाबांनी तुला विचारलं तरी होतं का? ती चिडलीच. “विचारायचं काय त्यात? शाळा माझी नव्हती का?”

तिला दया नकोच होती कधी. बाबांवरचा माझा राग पुरता गेलेला नाही, जाणारही नाही बहुतेक, आणि आता त्याचं मला तितकंसं ओझंही वाटत नाही. त्याच ओसरीवर मी अक्षरं गिरवली. जुबिली चेस यांच्यामागे दहा वर्षांत, 1862 मध्ये, बंद पडलं. आपली शाळा दादाने चालू ठेवलीय, हे काही थोडं नाही.

रात्री त्याला फोन केला. म्हटलं, मुखपृष्ठावर बाबांचाच फोटो राहू दे, पण ती ओळ काढ. आत पहिल्या पानावर आईचा फोटो घे आणि खाली ‘संस्थापक’ लिही. तो म्हणाला, कार्यकारिणीपुढे ठेवावं लागेल. ठेव म्हटलं. पाटल्यांचं मी माझ्या पानात लिहितेय, तेही वाचून दाखव त्यांना.