मिर्पाआच्या दारावरची यादी

गेली काही वर्षे मी उन्हाळ्यातले चार आठवडे पेन्सिल्व्हेनियातील पोकोनो डोंगरांत, एका ज्यू युवा चळवळीच्या शिबिरात परिचारिका म्हणून काम करते. एरवी माझी नोकरी न्यू जर्सीतील एका रुग्णालयात आहे. तिथली रजा साठवून मी शिबिरात जाते आणि त्या बदल्यात माझ्या मुलीचे शिबिराचे शुल्क माफ होते. अमेरिकेत असा व्यवहार बऱ्याच शिबिरांत चालतो. काम बहुतेक किरकोळ असते: कातडीत रुतलेल्या गोचिडी काढणे, मुरगळलेल्या पायाला बर्फ लावणे, रोजच्या गोळ्या वेळेवर देणे आणि घरच्या आठवणीने दुखणाऱ्या पोटांची समजूत घालणे. २६ जुलै २०२३ च्या रात्री जे घडले ते मात्र किरकोळ नव्हते, आणि त्यात माझी चूक होती.

ती तिशा बेआवची रात्र होती. हिब्रू पंचांगातल्या आव महिन्याच्या नवव्या तिथीला, परंपरेनुसार, जेरुसलेमची दोन्ही मंदिरे उद्ध्वस्त झाली, पहिले इ.स.पूर्व ५८६ मध्ये आणि दुसरे इ.स. ७० मध्ये, म्हणून त्या दिवशी संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशीच्या रात्रीपर्यंत सुमारे पंचवीस तास अन्न आणि पाणी दोन्ही वर्ज्य असते. आम्हा बेने इस्राएलींना, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंना, हा दिवस नवा नाही. ठाण्याला माझ्या आजीच्या तोंडी त्याचे नाव ‘बिरड्याचा सण’ असे होते, कारण तिच्या माहेरी, अलिबागकडे, उपास सुटला की केळीच्या पानावर वालाचे बिरडे वाढले जाई. सण म्हणायचे आणि दिवस शोकाचा, याचे मला लहानपणी फार नवल वाटे.

ज्यू वर्षातले इतर मोठे सण मुले आपापल्या घरी किंवा सिनेगॉगमध्ये पाळतात, पण तिशा बेआव भर उन्हाळ्यात येतो आणि त्यामुळे तो शिबिराच्या वाट्याला येतो. घरी ज्यांना या दिवसाचे नावही ठाऊक नसते अशी मुलेसुद्धा इथे पंधराव्या वर्षी पहिल्यांदा उपास करतात, आणि तो आईवडिलांच्या सांगण्यावरून नव्हे तर सोबत्यांच्या बरोबरीने करतात. हे समजण्यासाठी युवा चळवळ ही काय वस्तू आहे ते थोडे सांगायला हवे. १९१३ साली आजच्या पोलंड-युक्रेनमधल्या गॅलिशियात स्थापन झालेली हाशोमेर हात्साइर असो की १९२९ साली लंडनमध्ये निघालेली हबोनिम, या चळवळींनी बालवीरांकडून तंबू आणि गणवेश घेतले, पण त्यांचा खरा विशेष हा की तिथे मोठी माणसे जवळजवळ नसतातच. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांचा मद्रीख, म्हणजे मार्गदर्शक, स्वतः एकोणीस-वीस वर्षांचा असतो. मुले घरून आणलेला खाऊ आणि खर्चाचे पैसे पहिल्याच दिवशी एका सामायिक पेटीत टाकतात, तिला कुपा म्हणतात. संडास धुण्याची पाळी सर्वांना येते. आणि वाद झाला की आसेफा, म्हणजे सभा, भरते. माझे वडील तरुणपणी मुंबईत हबोनिमच्या शिबिरांना जात आणि आयुष्यभर घरातला कोणताही तंटा ‘सभा भरवू या’ म्हणून मिटवू पाहत. आईला ते मुळीच आवडत नसे.

त्या वर्षी पंधरा वर्षांच्या गटात एक मुलगा पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचा होता. कमरेला इन्सुलिनचा पंप आणि दंडावर रक्तातील साखर सतत मोजणारा संवेदक. मोबाइल शिबिरात कोणालाच ठेवू देत नाहीत. त्याच्याजवळ मात्र साखरेचा आकडा दाखवणारे छोटे यंत्र खिशात असे. मुलगा हुशार, आपल्या पथ्याची पक्की जाण असलेला. शिबिरातील रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, त्याला आधीच स्पष्ट सांगितले होते की धर्मानुसार आजारी माणसाला या उपासातून केवळ सवलत नाही, तर त्याने जेवलेच पाहिजे. त्यानेही मान हलवली होती. मी निश्चिंत होते.

त्या दुपारी, म्हणजे उपास लागण्याच्या काही तास आधी, मी एक यादी केली. मधुमेही, दमेकरी, लक्ष एकाग्र होण्यासाठी औषध घेणारे आणि ती गोळी रिकाम्या पोटी न चालणारे, नुकताच ताप येऊन गेलेले, अशी एकंदर पंधरा नावे. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ, दुपारी साडेबारा आणि पाच वाजता यांनी खाण्यासाठी मिर्पाआत, म्हणजे दवाखान्यात यावे, असे खाली ठळक अक्षरांत लिहिले आणि कागद दवाखान्याच्या दारावर चिकटवला. कोणी विसरू नये एवढाच माझा हेतू होता. रुग्णालयात कोणाचे नाव दारावर लावायचे माझ्या स्वप्नातही आले नसते. शिबिरात, सगळे एका घरचे आहेत अशा समजुतीत, मी ते बेलाशक केले.

रात्री साडेनऊच्या सुमारास सगळे भोजनगृहात जमिनीवर बसले होते. टेबले बाजूला सारलेली, दिवे मालवलेले, दोन-दोन मुलांमध्ये एक मेणबत्ती. एखा, म्हणजे विलापगीते, रडव्या संथ सुरात वाचली जात होती. तिसऱ्या अध्यायाच्या मध्यावर एक कर्कश, चढता आवाज सुरू झाला. वाचणारी मुलगी क्षणभर थांबली आणि पुन्हा वाचू लागली. आवाजही पुन्हा झाला. साखर ७० च्या खाली गेली की त्याचे यंत्र जी पहिली सूचना देते ती गप्प करता येते आणि ती त्याने केली होती. ५५ च्या खालची सूचना मात्र आधीपासून बंद करून ठेवता येत नाही.

मी अंधारात मुलांचे पाय चुकवत त्याच्यापर्यंत पोचले तेव्हा तो घामाने भिजला होता आणि त्याचे हात कापत होते. शेजारच्या मुलाने सफरचंदाच्या रसाचा डबा उघडून नळी त्याच्या तोंडाशी धरली होती, आणि हा ओठ मिटून बसला होता. मी त्याला ओसरीवर नेले. बोटाला टोचून पाहिले, आकडा ५१. संवेदक थोडा मागे चालतो, त्यामुळे साखर अजून घसरत आहे की सावरते आहे याचा भरवसा नव्हता. ‘अध्याय संपेपर्यंत थांबतो,’ तो म्हणाला. इतक्या कमी साखरेला मेंदू नीट चालत नाही आणि माणूस हट्टी होतो, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. तरी त्या वाक्यातला सगळाच हट्ट साखरेचा नव्हता. मी डबा त्याच्या हातात दिला नाही, त्याच्या तोंडाला लावला आणि कडक आवाजात ‘पी’ म्हटले. तो प्यायला. पंधरा मिनिटांनी ६६, दुसरा डबा, पुन्हा पंधरा मिनिटांनी ९४. पेटीतले ग्लुकॅगॉन, साखर झटपट वाढवणारे औषध, काढावे लागले नाही.

कारण शोधायला वेळ लागला नाही. दुपारी तो भर उन्हात फुटबॉल खेळला होता. संध्याकाळच्या शेवटच्या जेवणात त्याने भरल्या ताटाच्या हिशेबाने इन्सुलिन घेतले, पण टेबलावर गाणी सुरू झाली, सगळे उठले आणि अर्धे ताट तसेच राहिले. असे कधीतरी होते आणि तो ते सहज सांभाळतो. रस खिशात होता. तो का घेतला नाही, हा खरा प्रश्न होता.

‘तुम्ही यादी लावलीत,’ तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते मला अधिक लागले. खोलीतल्या अकरा मुलांना त्याच्या पंपाची सवय होती आणि गेले तीन आठवडे तो त्यांच्यात मिसळून गेला होता. दारावरच्या कागदाने तो पुन्हा आजारी मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी तीन वेळा सर्वांसमक्ष मैदान ओलांडून खायला जायचे आहे, तर निदान पहिली रात्र तरी सर्वांसारखी जावी, एवढेच त्याने मनाशी ठरवले होते.

मी त्याच रात्री यादी काढली. पण पन्नास मुलांनी ती वाचली होती.

सकाळी त्याच्या गटाने आसेफा मागितली. शोकाच्या दिवशी सभा घ्यावी की नाही यावरच पहिली पंधरा मिनिटे गेली. मी भिंतीला टेकून बसले होते; मला बोलण्याचा अधिकार होता, मताचा नव्हता. मी माफी मागितली. मग एका मुलाने मांडले की सगळ्या खोलीने त्याच्याबरोबर उपास सोडावा. कल्पना गोड होती आणि मलाही क्षणभर आवडली. ज्याच्यासाठी ती होती त्या मधुमेही मुलानेच ती धुडकावली: माझ्यामुळे अकरा जणांचा उपास मोडला, ही गोष्ट पुढची दहा वर्षे सांगितली जाईल आणि तिचा नायक मला व्हायचे नाही. त्यानंतर एक मुलगी उठली आणि म्हणाली की तिचे नाव यादीत नव्हते, पण तिची पाळी सुरू आहे, तिला चक्कर येते आहे आणि कारण सांगायची लाज वाटल्याने ती रात्रीपासून पाण्याशिवाय आहे. माझ्या पंधरा नावांच्या बाहेर असे किती जण असतील, हा हिशेब मी केलाच नव्हता.

ठराव असा झाला: भोजनगृहाच्या मागच्या ओसरीवर दिवसभर पाणी, पाव आणि फळे ठेवायची; ज्याला जायचे त्याने जावे; का गेलास आणि का गेला नाहीस, हे दोन्ही प्रश्न कोणी विचारायचे नाहीत. एका मुलाने विरोधात मत दिले. असे केल्यास कोणीच उपास पुरा करणार नाही, असे त्याचे म्हणणे होते, आणि ते अगदीच चुकीचे ठरले नाही. दिवस असह्य उकाड्याचा होता, दुपारपर्यंत ओसरीवरचे दोन घडे रिकामे झाले होते.

सकाळच्या उरलेल्या वेळात मद्रिखीमनी, म्हणजे मार्गदर्शकांनी, पोलंडमधल्या वॉर्सावर चर्चा घेतली. २२ जुलै १९४२ रोजी, तिशा बेआवच्या आदल्या दिवशी, तिथल्या घेटोतून, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतून, ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे हद्दपारी सुरू झाली आणि सहाच दिवसांनी हाशोमेर हात्साइर, द्रोर आणि अकिवा या युवा चळवळींनी मिळून लढाऊ संघटना उभारली. एप्रिल १९४३ च्या उठावाचा नेता मोर्दखाय आनिएलेविच मेला तेव्हा जेमतेम चोविशीत होता. ‘म्हणजे आपल्या मद्रीखपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठा,’ कोणीतरी म्हणाले, आणि सगळ्यांनी त्या बिचाऱ्या एकोणीस वर्षांच्या पोराकडे पाहिले. तो फार अवघडला.

मध्यान्ह टळल्यावर शोकाचे निर्बंध थोडे सैल होतात आणि संध्याकाळच्या जेवणाची तयारी करायला हरकत राहत नाही. मी न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या दुकानातून कडवे वाल नेले होते. स्वयंपाकघरावर कोशरची, म्हणजे ज्यू आहारनियमांची, देखरेख करणाऱ्या गृहस्थांनी ते पांढऱ्या ताटलीत पसरून किडीसाठी दाणा न् दाणा पाहिला होता. मंगळवारी रात्री भिजवून बुधवारी सकाळी मी ते फडक्यात बांधले होते. आता बोटभर मोड आले होते. तो मुलगा साखर मोजायला आला, कोमट पाण्यातले वाल पाहून ‘हे काय’ म्हणाला आणि सोलायला बसला. थोड्या वेळाने त्याच्या खोलीतले आणखी चौघे आले. त्यांतले तिघे उपाशी होते, बहुधा. मी विचारले नाही. डाळिंबी न मोडता साल उडवण्याची युक्ती पहिल्या दहा मिनिटांत सगळ्यांना जमली, आणि मग कोणाचा वाल किती लांब उडतो याची स्पर्धा लागली. आजीने हे पाहिले असते तर प्रत्येकाला एकेक धपाटा मिळाला असता.

रात्री नऊच्या सुमारास तारे दिसले आणि उपास सुटला. नारळाच्या दुधातले, आमसूल घातलेले बिरडे सगळ्या शिबिराला पुरण्यासारखे नव्हते. ज्यांनी सोलले त्यांना ते मिळाले. केळीची पाने अर्थातच नव्हती, कागदी वाट्या होत्या. त्या मुलाने पंप हातात घेऊन विचारले, ‘एका वाटीत कर्बोदके किती ग्रॅम?’ आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या बिरडे होत आले, पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी वाटी हातात तोलून पाहिली आणि वीस धर म्हटले. त्याने वीस घातले, वाटी संपवली आणि दुसरी घेताना पुन्हा वीस घातले. रात्री अकराला मी तपासले तेव्हा आकडा १९० होता. माझा अंदाज कमी पडला होता.