अकरा माडांचे भाटकार

भाचीने ब्राझीलची कॉफी आणून दिली. पाकिटावर डोंगर, डोंगरावर ओळीने लावलेली झुडपं आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘फझेंदा’, पुढे कुणा सांताचं नाव. दुपारचे तीन वाजलेले. मी पाणी उकळत ठेवलं आणि पाकीट बघून एकटाच हसलो. आमची फाझेंद कॉफी कधीपासून विकायला लागली?

फाझेंद म्हणजे माझ्यासाठी पणजी. जुन्या सचिवालयासमोरची ती इमारत, सरकारचं लेखा खातं. बाबा शिक्षक होते. पेन्शनीच्या दिवसांत कापडी पिशवीत कागद घालून ‘फाझेंदींत वतां’ म्हणत निघायचे. कधी मला बरोबर न्यायचे. काम झालं की भाजी-पाव, मग मांडवीच्या काठाने थोडं चालणं, मग बस. त्या शब्दाला मला अजून पातळभाजीचा वास येतो.

आणि तिकडे ब्राझीलमध्ये फझेंदा म्हणजे शेकडो एकरांचा मळा. गंमत म्हणजे त्यांचं अर्थखातंही फझेंदाच, आणि कापडाच्या दुकानात जाऊन दोन मीटर फझेंदा मागितली तरी मिळते. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ म्हणे ‘करायच्या गोष्टी’. स्पॅनिश लोकांची हासिएन्दा ही त्याचीच सख्खी बहीण, आणि तिथेही मळा नि कर वसूल करणारं खातं एकाच नावाने नांदतात. करायच्या गोष्टी कोण करायचं हे मात्र शब्दात कुठे नाही. ब्राझीलच्या कॉफीच्या मळ्यांत 1888 पर्यंत त्या गुलामांनी केल्या.

काजू ब्राझीलहून इथे आला, रुजला, त्याची फेणीही झाली. फझेंदेचा हा अर्थ मात्र रुजला नाही. निदान नारळाच्या भाटाला फाझेंद म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही. आपलं भाट ते भाटच. पुण्यात शिकत असताना एकदा खोलीतल्या मुलांना मी सांगितलं, ‘गावी आमचं भाट आहे.’ त्यावर एकाने विचारलं, ‘कुणाची स्तुती गातो?’ मळा, वावर, बागायत, वाडी असे सगळे शब्द त्यांच्यापुढे टाकून पाहिले. एकही बसेना. वाडी म्हटलं तर त्यांना वस्ती दिसे, मळा म्हटलं तर ऊस. शेवटी मी ‘इस्टेट’ म्हणालो आणि पुढची दोन वर्षं ‘बापाची इस्टेट आहे का रे?’ ऐकून घेतलं.

इस्टेट कसली! फोंड्याजवळच्या गावात अकरा माड, दोन फणस आणि एक आंबा, ज्याच्या अर्ध्या फांद्या शेजाऱ्याच्या हद्दीत. कुळागर म्हणावं तर सुपारी नाही, पाट नाही. पण नारळ पाडायचा दिवस आला की आजी भाटकारीण, म्हणजे भाटाची मालकीण, व्हायची. पाडेली यायचा, कमरेला आंकडी, तिच्यात कोयती. पायांत काथ्याचा फास अडकवून तो वर सरकायचा. आजी सोप्यावर बसून नारळ कानाने मोजायची. वाळक्या पानांवर धप्प, मातीत धब, दगडाच्या गडग्यावर टण्ण. टण्ण झालं की ‘फुटलो!’ म्हणून हळहळायची. शेवटी अंगणात रास घालून पुन्हा हाताने मोजायचं, एका वेळी दोन, आणि माडामागे एक नारळ पाडेल्याचा.

एकदा मोजणीत एक कमी आला. आजी म्हणाली, ‘एक त्यांच्या आंगणांत पडला. हाड वच.’ म्हणजे जा, घेऊन ये. ‘ते’ म्हणजे भाटाच्या कडेला राहणारे आमचे मुंडकार. अकरा माडांच्या भाटालाही मुंडकार होता. घर त्यांनी बांधलेलं, जमीन आमची, आणि त्यांच्या अंगणात पडलेला नारळही आमचाच. त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात, रोज आम्ही एकत्र शाळेत जायचो. मी गेलो तेव्हा तो दारात बसून पेरू खात होता. मला बघून तो आत गेला. त्याच्या आईने नारळ उचलला, त्याची माती लुगड्याच्या पदराने पुसली आणि माझ्या हातात ठेवला. ती काही बोलली नाही. माती पुसायची काही गरज नव्हती.

पुढे 1975 चा मुंडकार कायदा आला. मामलेदाराच्या कचेरीत खेपा झाल्या आणि कालांतराने घर धरून 300 चौरस मीटर त्यांच्या नावावर लागले. अकरांतले दोन माड त्या बाजूला गेले. आजी मात्र मरेपर्यंत अकराच मोजायची.

आता उरलेल्या नवांवर चढायला पाडेली मिळत नाही. नारळ सुकून आपोआप पडतात, त्यांतले काही मुंडकाराच्या त्या मुलाच्या, माझ्या वर्गमित्राच्या, पत्र्यावर. गेल्या पावसात दोन पत्रे फुटले. मी पैसे देऊ केले, त्याने घेतले नाहीत. गावात गेलो की लांबूनच हाक येते, ‘भाटकारा!’ गोव्यात हा शब्द असा कुणालाही चिकटतो, रिकाम्या खिशाच्या माणसाला तर हमखास. मी मागे वळून हात हलवतो.

कॉफी केली. कडू होती, साखर जास्त घालावी लागली. प्यायलो आणि त्याला सहज फोन लावला, माडांकडे एकदा बघ म्हणून.

तो म्हणाला, ‘आयज आनीक एक पडलो, भाटकारा. व्हरपाक कोणाक धाडटा?’

न्यायला कुणाला धाडतोस, असं विचारून तो मोठ्याने हसला. फोन केला की हे तो दर वेळी म्हणतो. मीही हसलो. तो दिवस त्याच्या लक्षात आहे का, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.