स्वतःच्याच मागे रांगेत

डेटाबेसमधलं ट्रान्झॅक्शन, म्हणजे अनेक पायऱ्यांचा एकसंध व्यवहार, शिकवताना दरवर्षी एकच अडचण येते. पुस्तकात लिहिलेलं असतं, ‘इथे वीज गेली असे समजा’, आणि मुलं समजतात. म्हणजे मान डोलावतात, वहीत बाण काढतात, परीक्षेत ॲटॉमिसिटीची (‘एकतर सगळं, नाहीतर काहीच नाही’ची) व्याख्या घडाघडा लिहितात. पण लॅबमध्ये यूपीएस असतो, मशीन एकट्याचं असतं, डेटाबेसही एकट्याचाच. तिथे काही अर्ध्यात तुटत नाही की कुणी कुणाला अडवत नाही. रोलबॅक, म्हणजे अर्धवट व्यवहार मागे घेणं, सगळ्यांना पाठ असतो, गरज मात्र कधी कुणाला पडलेली नसते.

१२ ऑक्टोबर २०२०च्या सोमवारी ‘समजा’ म्हणायचं कामच उरलं नाही.

टीईला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, डीबीएमएस हा डेटाबेसचा विषय, सत्र सगळं ऑनलाइन. मी पुण्यात घरी, मुलं आपापल्या गावी: डोंबिवली, ठाणे, दिवा, पनवेल, चोपडा, कणकवली. एरवी प्रॅक्टिकलची बॅच वीस-बावीस जणांची, पण ऑनलाइनमध्ये तिन्ही बॅचेस एकत्र घेत होते. लॅबच्या बदल्यात एक छोटं मशीन भाड्याने घेतलेलं, मुंबईतल्याच एका डेटा सेंटरमधलं. त्यावर पोस्टग्रेस हा डेटाबेस सर्व्हर आणि प्रत्येकाला रोल नंबरचं लॉगिन. लॅपटॉप निम्म्याच मुलांकडे. बाकीच्यांनी फोनवर टर्मक्स हे कमांड टाइप करायचं ॲप टाकून त्यात पोस्टग्रेसला आज्ञा देणारा पीएसक्यूएल चढवलेला. एकाच फोनवर मीटही चालू आणि क्वेरीही चालू, अशी त्यांची कसरत. फोनच्या कीबोर्डवर सेमिकोलन शोधून काढावा लागतो, म्हणून तो हटकून राहून जातो. तो नसला की पीएसक्यूएल पुढच्या ओळीची वाट बघत गप्प बसतो, आणि मग चॅटमध्ये येतं, ‘मॅडम, हँग झालं.’ त्या सत्रात ‘सेमिकोलन दिलास का?’ हे मी इतक्या वेळा विचारलं की मुलं माझी नक्कल करायला लागली होती.

त्या दिवशीचा सराव साधा होता. ‘खाते’ नावाचं एक सामाईक टेबल. साठ मुलांच्या साठ ओळी, प्रत्येकाच्या नावावर हजार रुपये, आणि एकसष्टावी ओळ ‘सहल’, शिल्लक शून्य. (सहल त्या वर्षी निघणार नव्हती हे सगळ्यांना ठाऊक होतं. वर्गणीला मात्र कुणाची ना नव्हती.) प्रत्येकाने बिगिन म्हणून व्यवहार उघडायचा, आपल्या खात्यातून शंभर वजा करायचे, ‘सहल’मध्ये शंभर मिळवायचे आणि कमिट करायचं, म्हणजे व्यवहार पक्का. पहिल्या पायरीनंतर मी सगळ्यांना थांबवलं. शंभर वजा करा, कमिट करू नका, आणि मित्राला विचारा तुमची शिल्लक किती दिसतेय ते. त्याला हजारच दिसतात, तुम्हाला नऊशे. यावर थोडी मजा झाली, थोडी वादावादी झाली. मग मी म्हटलं, आता सहलीत टाका. ‘सहल’ची ओळ एकच असल्यामुळे एका वेळी एकाचंच काम होणार, बाकीचे रांगेत, पुढचा कमिट करेल तसा मागचा सुटेल. हेही दाखवायचंच होतं.

दहा वाजून काही मिनिटं झाली असतील. मीटवरच्या चौकटी गळायला लागल्या. पन्नासच्या आसपासचा आकडा बघता बघता तिशीखाली आला. आधी वाटलं, माझंच नेट गेलं. ‘आवाज येतोय का माझा?’ ‘येतोय मॅडम,’ असं चोपड्याहून उत्तर आलं. मग दिव्याच्या मुलाने लिहिलं, ‘लाइट गेली.’ तो फोनवर होता म्हणून राहिला. गंमत अशी की एरवी ज्यांचं नेट सगळ्यांत चांगलं, ते ब्रॉडबँडवाले आधी गेले. लॅपटॉपला बॅटरी होती, पण राउटरला कुठून असणार? रोज ‘मॅडम, रेंज नाही’ म्हणणारे डेटापॅकवाले तेवढे टिकले.

आणि उरलेल्यांची तक्रार सुरू झाली. ‘मॅडम, हँग झालं.’ माझ्या तोंडून आपसूक निघालं, ‘सेमिकोलन दिलास का?’ ‘दिला मॅडम.’ दुसरीचंही तेच, तिसऱ्याचंही तेच. चोपड्याच्या मुलाने फोनचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला: क्वेरी बरोबर, सेमिकोलन जागेवर, खाली काहीच नाही.

मी माझा स्क्रीन शेअर केला आणि पोस्टग्रेसची चालू सेशन्सची, म्हणजे कोण कोण जोडलेलं आहे याची, यादी उघडली. त्यात एक ओळ डोंबिवलीच्या मुलीच्या रोल नंबरची. स्थिती: आयडल इन ट्रान्झॅक्शन. म्हणजे व्यवहार उघडा आहे, पण बाईसाहेब काही बोलत नाहीत. तिने ‘सहल’मध्ये शंभर टाकले होते, कमिट टाइप करायच्या आत घरचं राउटर बंद पडलं. ‘सहल’च्या ओळीचं लॉक, म्हणजे कुलूप, तिच्याकडे, आणि बाकी सगळा वर्ग तिच्या मागे.

‘पण ती तर गेली ना मॅडम?’ कणकवलीच्या मुलीने विचारलं. ‘सर्व्हरला कळत नाही का?’

नाहीच कळत. नीट निरोप घेऊन कनेक्शन बंद केलं असतं तर कळलं असतं. राउटर विझला तर निरोप द्यायला कुणी उरत नाही. सर्व्हर तिच्या पुढच्या आज्ञेची वाट बघत बसतो, आपणहून काही विचारत नाही. सर्व्हरच्या तळाशी चालणारा लिनक्स अशा मुक्या कनेक्शनला ‘आहेस का?’ असं पहिल्यांदा विचारतो ते ७,२०० सेकंदांनी, म्हणजे तब्बल दोन तासांनी. तोवर विचार करत बसलेली मुलगी आणि गायब झालेली मुलगी सर्व्हरला सारखीच दिसते. (बंद कॅमेऱ्यांसमोर सहा महिने बोलत असल्यामुळे मला सर्व्हरची कीव आली, हे कबूल करते.)

एवढ्यात डोंबिवलीची मुलगी परत आली. आईच्या फोनचं हॉटस्पॉट घेऊन. येताच तिने शिल्लक बघितली. हजार! ‘मॅडम, माझे शंभर गेलेच नाहीत!’ फार खूश झाली. कमिट न झालेली वजाबाकी नव्या सेशनला दिसणार नाही, हे अर्ध्या तासापूर्वीच तिने मित्राच्या स्क्रीनवर पाहिलं होतं, पण आता ते स्वतःच्या पैशाचं होतं. मग तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बिगिन. माझ्या खात्यातून शंभर वजा. आणि तीही अडकली.

आता ही कुणाच्या मागे? तिच्या खात्याला तर दुसरं कुणी हात लावत नाही. मी तिला पीजी ब्लॉकिंग पिड्सची क्वेरी चालवायला सांगितली. कोण कुणाला अडवतंय याचा नंबर ती देते. तिने दुसरी विंडो उघडली, नंबर काढला, यादीत ताडून पाहिला. क्षणभर शांतता, आणि मग माइकवरून, ‘मॅडम, मी माझ्याच मागे उभीय!’

इतक्या महिन्यांत पहिल्यांदा माइक चालू करून हसलेली मुलं मी त्या दिवशी ऐकली.

पोस्टग्रेसमध्ये स्वतःच्या लॉगिनचं सेशन स्वतःला संपवता येतं, त्यासाठी सुपरयूजर, म्हणजे सर्वाधिकारी, लागत नाही. म्हणून मी हात लावला नाही. ‘तुझं भूत आहे, तूच उतरव,’ म्हटलं. तिने पीजी टर्मिनेट बॅकएंडमध्ये तो नंबर टाकला, एंटर मारला. जुना व्यवहार रोलबॅक, दोन्ही लॉक सुटले, तिची नवी वजाबाकी तत्क्षणी पार पडली, आणि चॅटमध्ये ‘झालं’, ‘माझंही झालं’, ‘झालं’ असे मेसेज भराभर आले.

चार-पाच जणांचं झालं आणि गाडी पुन्हा ठप्प.

हे मात्र माझ्याही ध्यानीमनी नव्हतं, आणि त्या दिवसातलं सगळ्यांत मोलाचं तेच. ठाण्याचा एक मुलगा वीज जाण्याआधी रांगेत उभा राहिला होता. तो गेला, पण रांगेतला त्याचा नंबर गेला नाही. पुढचे सुटत सुटत त्याची पाळी आली, सर्व्हरने त्याच्या वतीने ‘सहल’मध्ये शंभर टाकले, ‘झालं बरं का’ असं उत्तर पाठवलं आणि पुन्हा वाट बघत बसला. रेशनच्या रांगेत मेलेल्या माणसाचा नंबर लागावा आणि त्याने खिडकी अडवून धरावी, तसं. दोन्ही भुतांमध्ये फरक एवढाच की या दुसऱ्याला सर्व्हरने काहीतरी पाठवलं होतं. त्याची पोच आली नाही की पुन्हा पुन्हा पाठवून साधारण पाव तासाने लिनक्स नाद सोडतो. म्हणजे ज्याच्याशी कुणी बोललं ते पाव तासात उतरतं, ज्याच्याशी कुणी बोललंच नाही ते दोन तास मानगुटीवर बसतं. हे मी बोर्डावर वर्षानुवर्षं शिकवलं असतं तरी त्या मुलांच्या डोक्यात इतकं घट्ट बसलं नसतं.

आता याला मारायचं का? मुलांमध्ये दोन तट पडले. डोंबिवलीवाली, जिचं स्वतःचं भूत नुकतंच उतरलं होतं, ती म्हणाली मारा. कणकवलीवाली म्हणाली, तो येईल की, पाच मिनिटं थांबू. मी फोन लावला, नशिबाने लागला. ‘मॅडम, अख्ख्या ठाण्यात लाइट नाहीये म्हणे. मुंबईतसुद्धा नाही. तुमच्याकडे आहे?’ ग्रिडच कोसळलंय हे आम्हाला तेव्हा कळलं. लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या, मुंबई विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या ऑनलाइन परीक्षाही त्या दिवशी पुढे ढकलाव्या लागल्या. आणि आमचं मशीन मुंबईतच असून जनरेटरच्या जिवावर आरामात चालू होतं. तुझं सेशन मारू का, असं विचारल्यावर तो म्हणाला, ‘मारा की मॅडम, माझं कुठे कमिट झालं होतं!’ लेखी परीक्षेत याच उत्तराला मी पूर्ण गुण दिले असते.

या सगळ्या गोंधळात चोपड्याचा मुलगा दर दोन मिनिटांनी सगळ्या खात्यांची बेरीज काढून चॅटमध्ये टाकत होता. कुणी सांगितलं नव्हतं. साठ हजार. साठ हजार. निम्मा वर्ग गायब, दोन भुतं, सगळी रांग तुंबलेली, आणि बेरीज साठ हजारच. ‘मॅडम, एक रुपया हलला नाही,’ असं त्याने शेवटी लिहिलं, थोडं निराश होऊनच.

हे सगळं कुणी शोधून काढलं, असं एकाने विचारलं. एकट्या कुणाचं काम नाही ते, पण लॉक आणि व्यवहारांच्या सिद्धांतात जिम ग्रे यांचं नाव पहिलं घ्यावं लागतं. सत्तरच्या दशकात आयबीएममध्ये सिस्टीम आर ही प्रायोगिक डेटाबेस प्रणाली घडत होती त्या चमूतले ते. संगणकशास्त्रातलं १९९८चं ट्युरिंग पारितोषिक त्यांना याच कामासाठी मिळालं. जानेवारी २००७मध्ये ते सॅन फ्रान्सिस्कोहून एकटेच शिडाच्या बोटीने समुद्रात गेले आणि परतले नाहीत. तटरक्षक दलाने शोधलं, स्वयंसेवकांनी उपग्रहाची छायाचित्रं इंच इंच पाहिली. बोटही सापडली नाही. २०१२मध्ये न्यायालयाने त्यांना मृत घोषित केलं. आपल्याकडे तेव्हा लागू असलेल्या १८७२च्या पुरावा कायद्याच्या कलम १०८ मध्ये यासाठी सात वर्षं होती; २०२४मध्ये त्याची जागा घेतलेल्या नव्या कायद्यातही सातच आहेत. वाट कधी थांबवायची हे शेवटी कुणालातरी आकडा ठरवूनच सांगावं लागतं.

‘मग सर्व्हरमध्ये पण आकडा टाका ना,’ चोपड्याहून सूचना आली. तशी सोय आहे, पोस्टग्रेस ९.६पासून. उघड्या व्यवहारात कुणी इतका वेळ गप्प बसलं तर त्याचं सेशन तोडायचं. मुळात ती शून्यावर असते, म्हणजे बंद, आणि हळू टाइप करणाऱ्या मुलांसाठी मीही ती मुद्दाम बंदच ठेवली होती. मुलांच्या आग्रहावरून दोन मिनिटं केली. तिसऱ्या मिनिटाला कणकवलीच्या मुलीचं कनेक्शन तुटलं. ती फोनवर दोन बोटांनी ‘सहल’ची ओळ लिहीत होती. चॅटमध्ये मोठ्या टाइपात आलं, ‘मॅडम, मी जिवंत आहे!’

दोन मिनिटांत भूत ओळखावं तर जिवंत माणूस मरतो, दहा मिनिटं द्यावीत तर सगळे ताटकळतात. पाच मिनिटांवर तडजोड व्हायच्या बेतात होती, तेवढ्यात तीच म्हणाली, ‘मी आधी सगळ्या ओळी नोट्समध्ये लिहून घेऊ का? बिगिनपासून कमिटपर्यंत. मग एकदम पेस्ट करते.’ खऱ्या ॲप्लिकेशनमध्ये नेमकं हेच करतात: माणसाला जे विचारायचं ते आधी विचारून घ्यायचं, व्यवहार त्यानंतर उघडायचा आणि लगेच बंद करायचा. मी हे सांगायला निघाले होते, तिने सांगू दिलं नाही. चार ओळी पेस्ट केल्या, डोळ्याची पापणी लवते न लवते तोच कमिट.

ही युक्ती वाऱ्यासारखी पसरली. पुढच्या प्रॅक्टिकलला डेडलॉक दाखवायचा होता; दोघांनी उलटसुलट क्रमाने लॉक घेऊन एकमेकांत अडकायचं. सगळे आपापल्या ओळी आधी लिहून, पेस्ट करून मोकळे. कुणीच अडकेना. शेवटी त्या तासापुरती पेस्टवर बंदी घातली, तेव्हा कुठे डेडलॉक लागला.