वाई: पाऊस वर, पूर खाली

वाईचा ढोल्या गणपती मी आजवर समोरूनच पाहिला होता. देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचा लोट तिच्यावर येऊन दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो, हे ऐकून माहीत होतं. पण मागे जाऊन बघण्याचे कष्ट कोण घेतो? या वेळी तेवढ्यासाठीच ऑगस्टमधल्या एका शनिवारी आत्याला घेऊन निघालो. तिचा हेतू वेगळा होता: श्रावणात कृष्णेत पाय बुडवायचे.

पोचलो तेव्हा भिंत कामावर होती. धोम धरणातून पाणी सोडलेलं, घाटाच्या खालच्या पायऱ्या दिसेनाशा झालेल्या आणि दुधाळ चहाच्या रंगाचं पाणी देवळाच्या पाठीला घासत चाललेलं. घाटाच्या तोंडाशी दोरी बांधून दोन पोलीस उभे. आत्याने दोरीपलीकडूनच नदीला हात जोडले, मग वर बघितलं आणि म्हणाली, "अरे, पण इथे पाऊस कुठाय?"

खरंच नव्हता. लख्ख ऊन पडलं होतं. समोरच्या वाड्याच्या गच्चीवर कुणीतरी गोधड्या वाळत घातल्या होत्या आणि खाली नदी दुथडी भरून वाहत होती. वाई समजून घ्यायची तर हीच गोष्ट आधी समजावी लागते. इथला पूर इथल्या पावसाचा नसतो.

कृष्णा उगम पावते क्षेत्र महाबळेश्वरला, साधारण १,३०० मीटर उंचीवर. तिथून ती जोरच्या खोऱ्यात उतरते. मग बलकवडीचं धरण, त्याखाली धोमचं आणि पुढे मेणवलीवरून वाई. वाईची उंची ७०० मीटरच्या आसपास. अरबी समुद्रावरून आलेले ढग कोकणातून सह्याद्रीचा कडा चढतात आणि माथ्यावरच बहुतेक रिकामे होतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. वीसेक किलोमीटर पूर्वेला पाचगणीला त्याच्या निम्मादेखील नाही. आणखी बारा किलोमीटर घाट उतरून वाईत आलात की जेमतेम सातशे-आठशे. जुलै २०२१मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. वाईत वर्षभर पडतो त्याच्या जवळपास जाईल एवढा पाऊस एका दिवसात, आणि त्यातला एक वाटा उतरून येणार या खोऱ्यात.

हे एसटीच्या खिडकीतून अनुभवता येतं, आणि माझ्या मते हीच पावसाळ्यातली वाईची सर्वांत चांगली सहल आहे. नदीवर काही करता येईना म्हणून आम्ही दुपारी महाबळेश्वरची गाडी पकडली. पसरणी गावापर्यंत (शाहीर साबळे इथले) काचा उघड्या होत्या. घाटाच्या चौथ्या-पाचव्या वळणावर भुरभुर सुरू झाली, पाचगणीत कंडक्टरने ओरडून काचा लावायला लावल्या आणि महाबळेश्वर स्टँडवर उतरलो तर समोरची गाडी धुक्यात अर्धीच दिसत होती. तासा-दीड तासात तीन हवामानं. स्वेटर वाईत मूर्खपणाचा वाटतो आणि वर अपुरा पडतो, तेव्हा पिशवीत असू द्या. छत्री मात्र वाईतच ठेवा. वरच्या वाऱ्यात ती दोन मिनिटांत उलटते, माझी उलटली. रेनकोट हवा, आणि बूट नकोत, पट्ट्याच्या सँडल बऱ्या.

वर जाऊन पॉइंट बघण्याचा प्रश्नच नव्हता, धुक्यात सगळे पॉइंट सारखेच. आम्ही पंचगंगेच्या देवळात गेलो. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम इथे मानतात. गोमुखातून पाणी कुंडात पडतं. आत्याचं पाय बुडवण्याचं काम इथल्या ओल्या फरशीवर आपोआपच झालं! सावित्री पश्चिमेला कोकणात उतरून समुद्राला मिळते. वेण्णा वळसा घालून साताऱ्याजवळ संगम माहुलीला कृष्णेला गाठते, कोयना कराडला. एका डोंगरावरून निघालेल्या बहिणींपैकी कृष्णेच्या वाट्याला १,४०० किलोमीटरचा रस्ता आला, पार बंगालच्या उपसागरापर्यंत. त्या रस्त्यावरचं पहिलं मोठं गाव म्हणजे वाई. नदीला इथे कुणी नुसतं कृष्णा म्हणत नाही, कृष्णाबाई म्हणतात.

आता थोडं त्या बाईविषयी. अफझलखान १६५९मध्ये प्रतापगडाकडे निघाला तेव्हा त्याचा तळ वाईला होता. त्याला ही जागा नवी नव्हती, आदिलशाहीकडून तो वाईचा सुभेदारच होता. खोरं त्याच्या पायाखालचं, पण पुढची जावळीची जंगलं नव्हेत, आणि तिथेच घात झाला. वाईत सांगतात की त्या दिवसांत इथल्या शेंडे शास्त्रींनी कृष्णेला नवस बोलला, शिवाजीमहाराजांना यश दे, तुझा उत्सव करू. खानाचा वध झाला, नवस फेडला गेला आणि अजून फेडणं चालू आहे. हिवाळ्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड अशा सात घाटांवर पाळीपाळीने कृष्णाबाईचा उत्सव होतो. घाटावर मांडव, त्यात देवी, कीर्तन आणि पंगती. जायचं असेल तर तारखा आधी गावात कुणाला तरी विचारून घ्या, कारण त्या तिथीवर ठरतात आणि प्रत्येक आळीच्या वेगळ्या असतात.

घाट आणि देवळं बहुतेक पेशवाईतली, आणि त्यांच्यामागे पैसा रास्त्यांचा. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या रास्ते घराण्यातल्या, म्हणजे थोरल्या माधवरावांचं आजोळ हेच. काशीविश्वेश्वराचं देऊळ १७५७चं, ढोल्या गणपतीचं १७६२चं, गणपतराव भिकाजी रास्त्यांनी बांधलेलं. काशीविश्वेश्वराच्या नंदीपुढे घाई करू नका. काळा दगड इतका गुळगुळीत की खिडकीचा उजेड त्यात दिसतो, आणि गळ्यातल्या माळेतली घंटा न् घंटा सुटी कोरलेली वाटते. आत्याने बोटाने मोजायला घेतल्या आणि अर्ध्यावर चुकली.

मुक्काम वाईतच करा. पाचगणी-महाबळेश्वरला शनिवार-रविवारी खोल्यांचे भाव ऐकून माणूस तसाही खाली येतो. आम्ही गणपती आळीच्या जवळ एका साध्या लॉजवर राहिलो. पावसाळी दमटपणाने गादीला वास होता आणि गरम पाणी सकाळी सातपर्यंतच मिळेल असं सांगून ते साडेसहालाच संपलं. तक्रार केली नाही, करायला मालक जागा नव्हता. पण पहाटे खिडकीतून नदीचा आवाज ऐकू येत होता, तो वरच्या कुठल्या रिसॉर्टात मिळाला नसता.

रविवारी सकाळी मेणवली. वाईपासून तीनेक किलोमीटर, रिक्षा जाते, पण परतीचं आधीच ठरवून घ्या, नाहीतर आमच्यासारखं उसाच्या कडेकडेने चालत यावं लागतं. नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याच्या मागे नदीवर घाट. सिनेमांच्या शूटिंगमुळे हा घाट पाहिल्यासारखा वाटतो, त्यामुळे अनेकजण पायऱ्यांवर फोटो काढून परत फिरतात आणि मेणेश्वरापाशी टांगलेली घंटा बघायची राहते. १७३९मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या हाती लागल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या. ही त्यांपैकीच. जवळून बघा: बाळाला घेतलेली मेरी घंटेच्या अंगावर उठावात आहे. आत्या बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "बाळंतीण दिसतेय. असू दे बाई, इथे बरीयेस." वाड्यात सुटे पैसे लागतात, आणि लाकडी जिना उभा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी खालचे चौक पाहून समाधान मानावं.

मेणवलीवरून पुढे धोम. धरणाची क्षमता साडेतेरा टीएमसी. भिंतीवर जाऊ देत नाहीत, त्यासाठी हुज्जत घालू नका. गावातल्या देवळापुढचा नंदी मात्र चुकवू नये. तो दगडी कासवाच्या पाठीवर बसला आहे आणि भोवती हौद आहे. हौदात पाणी असलं की कासव नंदीला घेऊन पोहत निघाल्यासारखं दिसतं. पुराच्या खोऱ्यात राहणाऱ्या माणसाला असल्या कल्पना सुचायच्याच.

या सहलीत माझी एक चूक झाली ती तुम्ही करू नका: शनिवार-रविवार गाठून गेलो. गंगापुरीत मराठी विश्वकोशाचं कार्यालय आहे, ते बंद होतं. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६मध्ये आला, आणि एवढं काम मुंबई-पुण्याला न होता इथे झालं त्याचं कारण प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईचे. ते इथल्या प्राज्ञपाठशाळेत शिकलेले, केवलानंद सरस्वतींचे म्हणजे पूर्वाश्रमीच्या नारायणशास्त्री मराठ्यांचे शिष्य. विनोबाही गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन याच नारायणशास्त्रींकडे शिकायला आले होते. धर्मकोशाचं, म्हणजे धर्मशास्त्राच्या मोठ्या संस्कृत कोशाचं, काम याच पाठशाळेतलं. नदीकाठची वेदपाठशाळा आणि 'अ'पासूनचं सगळं आधुनिक ज्ञान मराठीत आणणारं कार्यालय एकाच गावात, चालत जाण्याच्या अंतरावर असणं ही मला वाईची सगळ्यात वेगळी गोष्ट वाटते. मी बंद दाराचा फोटो काढून आलो.

जाण्यायेण्याचं सांगतो. पुण्याहून वाई शंभरेक किलोमीटर. स्वारगेटहून वाईच्या आणि महाबळेश्वरच्या गाड्या थेट वाई स्टँडात येतात. आम्ही समोर लागलेल्या साताऱ्याच्या गाडीत चढलो आणि तिने खंबाटकी घाट ओलांडून सुरूर फाट्यावर उतरवलं. तिथून वडापने, म्हणजे शेअर जीपने आलो, चौदा माणसं आणि एक शेळी. पण तो रस्ता जुन्या वडाच्या झाडांचा आहे, पारंब्या टपाला घासतात, तेव्हा चूक फार महाग पडली नाही. वाईला रेल्वे नाही. जवळचं स्टेशन वाठार, आणि तिथून आता फारसं कुणी येत नाही. स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांनी शनिवारी सकाळी आठच्या आत खंबाटकी पार करावा. पावसाळ्यात निघण्याआधी धोममधून किती क्युसेक सोडताहेत ते बातम्यांत बघा. पाणी वाढलं की देवळात शिरतं आणि काठाचे रस्ते बंद होतात. नुसती भुरभुर बघून 'पाऊस तर नाही' म्हणत नदीच्या घाटावर उतरू नका. शेवाळलेल्या पायरीवर पाय घसरला की धरायला काही नसतं.

एप्रिल-मेमध्ये मी तरी जाणार नाही. खोलगट जागा असल्याने दुपारी दगडी घाट तापतात, पाणी कमी होतं आणि संथ जागी जलपर्णी धरते. स्ट्रॉबेरी पावसाळ्यात मागू नका, ती थंडीतली. फेब्रुवारीच्या आसपास मात्र या भागातली हळद निघते आणि शेतातल्या काहिलींमधून ती शिजल्याचा वास वाटेवर येतो.

तो वास घ्यायला आणि राहिलेली भिंत बघायला आम्ही फेब्रुवारीत परत गेलो, या वेळी मंगळवारी. सकाळी खोऱ्यात धुकं साचलेलं, पांडवगडाचा माथा तेवढा वर. नऊ वाजता धुकं उठलं आणि नदी दिसली: गुडघाभर, हिरवट, काठाशी धुणी आपटणाऱ्या तीन बायका. देवळाच्या मागे गेलो. भिंत दोन्ही बाजूंनी निमुळती होत पुढे एका धारेवर येते, होडीच्या नाळेसारखी. ऑगस्टमधल्या पुराची गाळाची रेघ अजून तिच्यावर होती. मी शेजारी उभा राहून बघितलं, माझ्या छातीच्या वर. आत्या तोवर शेवटच्या पायरीवर बसून, चपला शेजारी ठेवून, घोट्यापर्यंत पाण्यात पाय सोडून बसली होती. थंड आहे का विचारलं तर म्हणाली, "महाबळेश्वराहून आलंय, मग?"

विश्वकोशाचं कार्यालय त्या दिवशी उघडं होतं.