नेट गेलं म्हणजे नेमकं कुठून गेलं?

परवा संध्याकाळी मोठ्या बाबांचा फोन आला, "बापू, नेट नाही चालून राह्यलं, पोरीचा फॉर्म अडला." मी विचारलं डब्यावर, म्हणजे नेटच्या राऊटरवर, लाईट कोणता आहे, तर म्हणे "लाईट आहे ना, पंखा चालून राह्यला." मग चप्पल घातली नी गेलोच, चार घरं सोडून तर घर आहे.

गावात फायबर, म्हणजे काचेच्या बारीक तारेतून उजेडावर चालणारं नेट, येऊन आता बरेच दिवस झाले, आर्वीकडून येणाऱ्या रोडच्या खांबावरून काळी वायर घरोघरी गेली, पण नेट बंद पडलं की सगळे एकच करतात, कंपनीला फोन लावतात नी दोन दोन दिवस वाट बघतात. मला हे बघवत नाही, कारण अर्ध्या वेळा बिघाड घरातच असतो. ड्रिपच्या नळीतून पाणी थेंबत नसलं तर आपण काय करतो? मोटर चालू आहे का बघतो, मग फिल्टर, मग सबमेन, मग वॉल, मग लॅटरल. नेटचंही तसंच पाहायचं, फक्त पाणी दिसतं नी नेट दिसत नाही म्हणून आपण हात लावत नाही.

डब्यावरचे दोन दिवे ओळखा, बाकी नंतर. एक पॉन (PON), एक लॉस (LOS). पॉन हिरवा नी स्थिर असला म्हणजे डब्याचं पलीकडच्या कंपनीच्या मशीनशी बोलणं जुळलेलं आहे. पॉन लुकलुकत असला तर जुळायचा प्रयत्न चालू आहे. नी लॉस लाल झाला म्हणजे वायरीतून उजेडच येऊन नाही राह्यला, अशा वेळी राऊटर दहादा बंद-चालू करून काही होत नाही, वायर पाहा.

मोठ्या बाबांकडे लॉस लाल होता. डब्याच्या मागून जाणारी पिवळी पॅचकॉर्ड, म्हणजे फायबरची छोटी वायर, पाहत गेलो तर मोठ्या आईनं धान्याची लोखंडी पेटी सकाळी झाडताना भिंतीला लोटली होती, नी वायर पेटी नी भिंतीच्या मधात अगदी बिजागरीसारखी मुडपली होती. आतमधली काच फक्त ०.१२५ मिलिमीटर जाड असते, केसाएवढी, नी ती जास्त वाकली की उजेड वाकणावरून बाहेर गळून जातो. मी पेटी दोन बोटं पुढे ओढली, वायर सैल केली, हातभर गोल वळण देऊन खिळ्याला अडकवली. लाल दिवा विझला, पॉन लुकलुकला नी मिनिटभरात थांबला. नशीब काच तुटली नव्हती, तुटली असती तर जॉइंट मारायला मशीनवालाच लागला असता.

एक गोष्ट मनापासून सांगतो, त्या वायरीचं हिरवं टोक काढून आत डोळा लावून पाहू नका. आतला उजेड डोळ्याला दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो. नी टोक धोतरानं, बोटानं पुसू नका, धुळीचा एक कण पुरतो. लेकरांना तर हात लावूच देऊ नका.

आता दुसरी तक्रार, "पॉन हिरवा आहे तरी मोबाईलमध्ये नेट नाही." मोबाईल वायफायला जोडून ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका (काही डब्यांना शेवटी ०.१ किंवा १००.१ असतं, खाली स्टिकरवर लिहिलेलं असतं). राऊटरचं पान उघडलं म्हणजे तुमच्यापासून डब्यापर्यंत सगळं ठीक, बिघाड पुढे आहे. पान उघडलंच नाही तर वायफायच कच्चं आहे. आमच्याकडच्या जुन्या घरांच्या मातीच्या भिंती दीड-दोन फुटांच्या, वरून टिनाचे पत्रे, त्यात डबा कपाटावर कोंडलेला. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान पण भिंत पाहिली की थकते, २.४ वालं हळू पण लांब जातं. म्हणून मागच्या खोलीत, अंगणात २.४ लावा. गोठ्यापर्यंत न्यायचं असेल तर लॅन केबल टाका, १०० मीटरपर्यंत चालते, फक्त उघड्यावर टाकलेली तांब्याची केबल वीज कडाडली की डबा जाळू शकते, तेव्हा मृगाच्या आधी ढग गडगडायला लागले की केबल नी अडाप्टर दोन्ही काढून ठेवा.

कधी कधी पिंग केलं, म्हणजे एखाद्या पत्त्याला नुसती हाक मारून पाहिली, तर ८.८.८.८ कडून उत्तर येतं पण कुठलीच साईट उघडत नाही. तेव्हा डीएनएस बंद पडलेलं असतं, म्हणजे साईटच्या नावावरून तिचा नंबर सांगणारी डिरेक्टरी. राऊटरच्या डीएचसीपी (घरातल्या मोबाईल-लॅपटॉपला पत्ते वाटणाऱ्या) सेटिंगमध्ये डीएनएस ८.८.८.८ नी १.१.१.१ टाकलं की बहुतेक वेळा काम होते.

स्पीडबद्दलही लय गैरसमज. ४० एमबीपीएसच्या प्लॅनवर फाईल सेकंदाला ५ एमबीनं उतरते, प्लॅन बिटात नी फाईल बाइटात मोजतात, आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ८ नं भागायचं, त्यात फसवणूक नाही. हं, ८०० केबी दिसून राह्यलं असेल तर मात्र तक्रार करा, नी तक्रारीआधी लॅपटॉप केबलनं जोडून मोजा, वायफायवर मोजलेला आकडा कोणी मानत नाही.

नी गोठ्यावरच्या कॅमेऱ्याचं सांगायचं राहिलंच. मी बाहेरून पाहायला म्हणून तीन रात्री पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं कनेक्शन राऊटरमधून कॅमेऱ्याकडे वळवणं) करत होतो, सगळं बरोबर, तरी उघडेना. शेवटी राऊटरमध्ये वॅनचा, म्हणजे कंपनीकडच्या बाजूचा, पत्ता पाहिला, १००.७० नं सुरू होत होता. तेव्हा कळलं की हा पत्ता माझ्या एकट्याचा नाहीच. जुन्या पद्धतीचे (आयपीव्ही४) पत्ते जगात सगळे मिळून साधारण ४३० कोटी, म्हणून कंपन्या एका पत्त्यामागे बरीच घरं बसवतात, नी १००.६४ ते १००.१२७ हे आकडे त्यासाठीच राखून ठेवले आहेत. अशा ठिकाणी बाहेरून दार ठोठावलं तर ते कोणत्या घराचं हेच कळत नाही. उपाय म्हणजे नव्या पद्धतीचे पत्ते, आयपीव्ही६, असले तर ते, नाहीतर स्वतःहून बाहेर कनेक्शन लावणारा क्लाउडवाला कॅमेरा. मी क्लाउडवालाच घेतला, नी आता रात्री उठून टॉर्च घेऊन जावं लागत नाही, गाय विणार असली की पडल्या पडल्या दिसते.

मोठ्या बाबांच्या डब्याजवळ मी कागद चिकटवून आलो, कोणता दिवा काय ते लिहून. आज सकाळी त्यांचा फोन, "बापू, पॉन हिरवा आहे, लॉस बंद आहे, १९२ वालं पानही उघडलं. आता डीएनएस पाहू का कंपनीले फोन लावू?"